आंबट घडाला भाव

तासगावच्या सौद्यात आंबट द्राक्षाला कुणी विचारत नाही. घड टपोरा हवा, मणी लांब हवा, आणि दाताखाली फुटला की तोंडात साखर उतरायला हवी. सोनाका असो की थॉम्पसन, साखर १८ ब्रिक्सच्या खाली असली तर व्यापारी भावाचं बोलतच नाही. बेदाण्याला घालायचा माल तर २२ च्या पुढे जाईपर्यंत वेलीवरच ठेवतात. मी अशा बागेत वाढले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, पोंग्यात सापडलेला पाऊस आणि पाठोपाठ येणारा डाऊनी रोग, थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, आलेल्या बायकांच्या कात्र्या आणि गप्पा. गोडी म्हणजे पैसा, हे आम्हाला शाळेआधी कळलं.

आता मी इटलीत, मोदेनाजवळच्या एका सहकारी वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. रोजचं काम तेच, रसातली साखर मोजायची. पण शेजारच्या रकान्यात आम्लताही लिहायची, आणि घड कधी तोडायचे याचा निर्णय बरेचदा त्या दुसऱ्या रकान्यावर होतो. मागच्या हंगामात भावाला वेलीवरच्या घडांचा फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. “ताई, ह्यो काय माल हाय? निम्मं मणी वाटाण्याएवढं, निम्मं गळाल्यालं. आमच्यात असलं बेदाण्याला बी कोण घेत न्हाई.” फोटो होता लाम्ब्रुस्को दी सोर्बारा नावाच्या जातीचा. या जातीचा स्वतःचा पराग वांझ असतो, म्हणून ओळींमध्ये सालामिनो नावाची दुसरी जात लावावी लागते. तरीही फळधारणा अर्धीमुर्धीच होते आणि घड विरळ, लहानमोठ्या मण्यांचा राहतो. आमच्या बायका जे काम दिवसभर कात्रीने करतात ते इथे निसर्ग फुकटात करून देतो, असं मी भावाला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. आणि रस किती आंबट असतो हे सांगितल्यावर तर त्याने विषयच बदलला.

पण इटलीची फेसाळ वाइन कळायची तर सुरुवात याच आंबटपणापासून करावी लागते. बाटलीच्या मानेवरचा सोनेरी कागद, बुचाचा आवाज, लग्नातले उंच ग्लास हे सगळं नंतरचं. ही वाइन इथे जेवणासाठी होते, आणि ज्या मुलखात होते त्या मुलखाच्या ताटाशी तिचा हिशोब जुळलेला असतो. त्यामुळे ‘इटालियन स्पार्कलिंग वाइन कशी लागते?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. चार-पाच उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात.

आधी बुडबुडा. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि कर्बवायू सुटतो. साधी वाइन करताना हा वायू उडून जातो. भांडं बंद असेल तर त्याला वाट नसते, तो वाइनमध्ये विरघळून राहतो आणि बूच उघडल्यावर बाहेर येतो. म्हणून फेसाळ वाइन बहुधा दोनदा आंबवतात: आधी साधी वाइन करायची, मग तिच्यात मोजकी साखर आणि यीस्ट घालून बंद भांड्यात पुन्हा आंबवायची. लिटरला चार ग्रॅम साखर साधारण एक वातावरण दाब देते. पूर्ण जोराच्या बाटलीत पाच-सहा वातावरणं दाब असतो. दुसऱ्या वेळी अल्कोहोल आणखी वाढणार म्हणून पहिली वाइन हलकीच ठेवावी लागते. प्रोसेकोचं द्राक्ष, ग्लेरा, १६-१७ ब्रिक्सला तोडलं तरी चालतं. तासगावात ज्याला कच्चा माल म्हणतील तो इथे तयार माल असतो. आम्ल टिकलं तर ताजेपणा टिकतो. साखरेच्या मागे लागून आम्ल घालवलं तर बुडबुडे असूनही वाइन बसलेली लागते.

हे कुणी शोधून काढलं? पहिला मान थंडीला द्यावा लागतो. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते. इथे डिसेंबर-जानेवारीत वेल झोपते आणि तळघरातलं यीस्टही झोपतं, वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक असतानाच. जुन्या काळी शेतकरी वसंताच्या तोंडावर ती वाइन बाटल्यांत भरत. ऊब आली की यीस्ट जागं होऊन उरलेली साखर संपवायला लागे आणि बाटलीत फेस तयार होई. तळाशी गाळ राही, वाइन गढूळ दिसे, कुणाचं काही बिघडत नसे. मोदेनाच्या गावांत आणि व्हेनेतोच्या टेकड्यांवर अशी गाळाची वाइन अजून करतात. व्हेनेतोत तिला ‘कोल फोन्दो’ म्हणतात आणि अलीकडे तिला बरी प्रतिष्ठाही आली आहे.

दुसरा रस्ता फ्रान्सकडून आला: प्रत्येक बाटलीत वेगळं दुसरं आंबवण, मग महिनोन्‌महिने यीस्टच्या गाळावर मुरवणं, बाटल्या उलट्या करून गाळ मानेत आणणं, मान गोठवून तो बर्फाचा खडा उडवून लावणं. पिएमोन्तेतल्या कानेल्ली गावात कार्लो गांचा यांनी १८६५ मध्ये या पद्धतीने मोस्कातो द्राक्षाची फेसाळ वाइन केली. कानेल्लीच्या पोटात कोरलेली विटांची प्रचंड तळघरं आजही बघता येतात. २०१४ पासून ती युनेस्कोच्या वारशात आहेत. पण मोस्कातो गोड ठेवायची म्हणजे साखर आणि यीस्ट दोन्ही बाटलीत राहणार, आणि बाटल्या फुटणार. यावर आस्तीच्या वाइनसंशोधन संस्थेतले फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये तोडगा काढला. बाटल्यांऐवजी एकाच मोठ्या बंद भांड्यात आंबवायचं, गाळायचं आणि दाब न सोडता भरायचं. पुढे १९०७ च्या सुमारास फ्रान्सच्या यूजेन शार्मा यांनी ती पद्धत सुधारली आणि जगभर नाव त्यांचंच झालं. आमच्या प्रयोगशाळेत कुणी नुसतं ‘शार्मा’ म्हणालं की कुणीतरी न चुकता ‘मार्तिनोत्ती’ अशी दुरुस्ती करतं. गणपतीतल्या मानाच्या क्रमावरून भांडणाऱ्या मुलखातून आल्यामुळे मला यात काही वावगं वाटत नाही.

या टाकीतूनच प्रोसेको जगभर पसरली. आज वर्षाला साठ कोटींहून जास्त बाटल्या निघतात. २००९ मध्ये इटलीने कायदा बदलला. तोवर प्रोसेको हे द्राक्षाचं नाव होतं, ते फक्त प्रदेशासाठी राखलं आणि द्राक्षाला ग्लेरा हे जुनं नाव दिलं, म्हणजे दुसऱ्या देशात हीच जात लावून कुणी प्रोसेको विकू नये. प्रदेश मात्र भलामोठा आखला, व्हेनेतो आणि फ्रिउली मिळून नऊ जिल्ह्यांचा. त्यात सपाट शेतांवर यंत्राने तोडलेला माल आहे, आणि कोनेल्यानो ते वाल्दोब्यादेने या पट्ट्यातल्या, उभं राहायलाही कष्ट पडावेत अशा उतारांवरचा हाताने तोडलेला मालही आहे. तिथे दगडी बांध न घालता गवताच्या अरुंद पायऱ्यांनी माती धरून ठेवतात. २०१९ मध्ये या टेकड्याही युनेस्कोच्या यादीत गेल्या. बाटलीवर नुसता डीओसी हा प्रदेशाचा शिक्का असेल तर माल त्या मोठ्या प्रदेशातला; डीओसीजी आणि वाल्दोब्यादेनेचं नाव असेल तर टेकडीवरचा; ‘रिव्हे’ लिहून पुढे गावाचं नाव असेल तर त्या एकाच गावच्या उतारावरचा. पैसे मोजायचे तर मी रिव्हेसाठी मोजते. सगळ्यात महाग कार्तित्से, जेमतेम १०८ हेक्टरांचा डोंगरउतार. पण तिथली वाइन परंपरेने गोडसर करतात आणि माझ्या जिभेला ती जेवणात अडखळते.

गोडीवरून आठवलं. लेबलवरचे शब्द ग्राहकाला फसवण्यासाठीच बनवलेत की काय असं वाटतं. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड! ‘ड्राय’ त्याहून गोड, १७ ते ३२. अगदी कोरडी हवी तर ‘एक्स्ट्रा ब्रूट’ किंवा ‘ब्रूट नेचर’ शोधावी. पुण्यामुंबईच्या दुकानात ‘ड्राय’ वाचून कोरडी समजून घेणाऱ्यांची दर वेळी पंचाईत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

प्रोसेकोची चव हिरव्या सफरचंदाची, पेअरची, पांढऱ्या फुलांची. शेवटी कधी किंचित कडवट बदामाची. हा सुगंध नाजूक असतो, गाळावर लांबवर मुरवला तर यीस्टच्या वासाखाली दबतो, म्हणून टाकीतले थोडे आठवडे तिला मानवतात. ती साठवायची नसते. वर्ष-दोन वर्षांत संपवावी.

ती कशाबरोबर पितात ते बघायला व्हेनिसच्या गल्ल्यांतल्या ‘बाकारो’त जावं. उभ्याउभ्या प्यायचं आणि छोटे घास खायचे असा हा गुत्त्यापेक्षा थोडा सभ्य आणि हॉटेलपेक्षा बराच स्वस्त प्रकार. काचेमागे ‘चिकेत्ती’ मांडलेल्या असतात: पावाच्या किंवा मक्याच्या पोलेंताच्या तुकड्यावर घोटून लोण्यासारखा केलेला सुका कॉड मासा, उकडलेलं अर्धं अंडं आणि त्यावर अँचोव्ही, छोटे तळलेले मासे. मला सगळ्यात आवडतो तो ‘सार्दे इन साओर’. तळलेले तारली मासे, त्यावर व्हिनेगरमध्ये मऊ शिजवलेला भरपूर कांदा, चिलगोजे आणि बेदाणे, आणि हे सगळं एक-दोन दिवस मुरवलेलं. खलाशांचं टिकाऊ जेवण होतं ते. माशावर बेदाणे बघून माझ्यातल्या तासगावकरणीची छाती फुगली हे कबूल करते. इथे ब्रूट प्रोसेको कोरडी पडते. कांद्याची आणि बेदाण्याची गोडी तिला आंबट करून टाकते. एक्स्ट्रा ड्राय घ्यावी, ती बरोबर त्या गोडीच्या पातळीवर येते. कॉडच्या घोटलेल्या तेलकट लगद्याला मात्र ब्रूटच हवी, आणि कोल फोन्दो मिळाली तर फारच उत्तम.

प्रोसेकोचा बराच माल कॉकटेलमध्ये जातो. पीचचा गर घातलेली बेलिनी व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी काढली, आणि केशरी रंगाची स्प्रित्स तर आता इटलीपेक्षा बाहेरच जास्त दिसते. यात चांगली वाइन घालू नये.

फ्रान्चाकोर्ताबद्दल थोडक्यात, कारण ती श्रीमंतांची लाडकी आहे आणि तिची बाजू मांडायला बरेच जण आहेत. ब्रेशा जिल्ह्यात, इझेओ सरोवराच्या दक्षिणेला, हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीवर हा मुलूख आहे. १९६१ मध्ये फ्रांको झिल्यानी या तरुण वाइनतज्ज्ञाने गुइदो बेर्लुक्की यांच्यासाठी तिथे बाटलीत आंबवलेली पहिली वाइन केली. म्हणजे हिची परंपरा माझ्या वडिलांपेक्षाही लहान. द्राक्षं मुख्यतः शार्दोने आणि पिनो नेरो, गाळावर किमान अठरा महिने, रिझेर्वा असेल तर पाच वर्षं. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू विरघळतात आणि वाइनला भाजलेल्या पावाचा, शेंगदाण्यासारख्या सुक्या मेव्याचा वास येतो, फेस बारीक होतो. सरोवराकाठच्या क्लुझाने गावात टेंच नावाचा गोड्या पाण्यातला मासा चीज आणि पावाचा चुरा भरून लोण्यात भाजतात आणि पोलेंताबरोबर वाढतात. त्या लोण्याला ही वाइन पुरून उरते. उत्तरेला त्रेन्तोत जुलिओ फेरारी यांनी १९०२ पासूनच डोंगरावरच्या शार्दोनेची अशी वाइन सुरू केली होती. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी त्रेन्तोची घेते, तिच्यात डोंगराचा गारवा जास्त आहे.

आता माझ्या घरची. लाम्ब्रुस्को लाल असते आणि फेसाळते, आणि एवढ्यावरच बरेच वाइनप्रेमी नाक मुरडतात. याला कारण आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत गोड, सोप्या लाम्ब्रुस्कोची अमेरिकेत लाट आली. तिथे आयात होणाऱ्या वाइनमध्ये ती वर्षानुवर्षं सर्वांत जास्त खपत होती. विकणाऱ्यांनी पैसे कमावले आणि नाव घालवलं. इकडे मोदेना आणि रेज्जो एमिलियाच्या घरांत मात्र लोक कोरडी लाम्ब्रुस्को पीत राहिले, कारण त्यांच्या ताटाला तिच्याशिवाय चालत नाही.

ही सपाट, धुक्याची, गाईगुरांची भूमी आहे. एकेकाळी इथे वेली एल्मच्या झाडांवर चढवत आणि अशा वेलीला ‘लग्न झालेली वेल’ म्हणत. आता तारा आणि खांब आले. छोटे बागायतदार आपला माल सहकारी वाइनरीत घालतात. कार्पीची सहकारी वाइनरी १९०३ सालची आहे. सप्टेंबरमध्ये आमच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते, ट्रॉलीतून नमुना काढून माझ्याकडे येतो आणि शेतकरी काचेतून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. गळीत हंगामातल्या साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभं असल्यासारखं वाटतं, संचालकांच्या निवडणुकीच्या गप्पांसकट.

लाम्ब्रुस्को ही एक जात नाही, ते एक कुटुंब आहे. माझ्या भावाने नाकारलेली सोर्बारा सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या वाळूमिश्रित मातीत येते. रंग फिकट, जवळजवळ गुलाबी, चव रास्पबेरीची आणि आम्ल इतकं की गालाच्या आतून पाणी सुटतं. दक्षिणेला टेकड्यांच्या पायथ्याशी कास्तेल्व्हेत्रोची ग्रास्पारोसा; शरदात तिची पानं आणि घडाचे देठ लाल होतात. ती गडद जांभळी, फेससुद्धा जांभळा, काळ्या चेरीची चव आणि जिभेला धरणारा तुरटपणा. सालामिनो या दोघींच्या मधली. तिघींचा बुडबुडा प्रोसेकोपेक्षा बहुधा मंद असतो. ‘फ्रिझांते’ म्हणजे अडीच बारपर्यंतचा दाब. लेबलवर ‘सेक्को’ असेल ती कोरडी, ‘आमाबिले’ गोडसर. उंच निमुळता ग्लास हिला नकोच, साधा पाण्याचा ग्लास चालतो. पार्माकडे तर अशी वाइन पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून पितात. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी, बारा अंशांच्या आसपास. बर्फगार केली तर ग्रास्पारोसाचा तुरटपणा कडू होतो.

आणि तिच्यासोबतचं ताट. आमच्या घरी मटण व्हायचं, पण डुकराचं मांस चुलीजवळ आलेलं नव्हतं. इथे त्यावाचून जेवण पुढे सरकत नाही. ‘न्योक्को फ्रित्तो’ म्हणजे मैद्याची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याच्या आकाराचे मोठे तुकडे कापायचे आणि डुकराच्या चरबीत तळायचे. ते टम्म फुगतात. गरम असतानाच त्यावर मोर्तादेल्ला किंवा पार्माचा प्रोशुत्तो, म्हणजे डुकराच्या मांसाची पातळ चकती, ठेवायची, की मांसाची चरबी पारदर्शक होऊन वितळायला लागते. ‘तिजेल्ले’ या छोट्या गोल रोट्या, दोन तापल्या थाळ्यांमध्ये भाजलेल्या. पोटात चरबी, लसूण आणि रोजमेरीचं वाटण आणि किसलेलं पार्मिजानो चीज. तळलेलं, खारट, चरबीदार, सगळं एकदम. असा दुसरा घास घ्यायचा धीर होत नाही, आणि नेमका तिथे सोर्बाराचा घोट लागतो. तोंड लख्ख होतं. वर्षअखेरीला ‘झाम्पोने’ असतो: डुकराच्या पायाच्या कातडीत भरलेलं मांस, तासन्‌तास उकळलेलं, चिकट आणि मऊ, आणि बाजूला मसूर, मसुराचे दाणे म्हणजे येत्या वर्षाची नाणी. त्याला ग्रास्पारोसा हवी, कारण तिचा तुरटपणा त्या चिकटपणाला भिडतो.

पार्मिजानोबद्दल थांबून सांगते. चोवीस महिन्यांचं घ्यावं, त्यात दाताखाली कचकचणारे पांढरे कण असतात. ज्या गाईंच्या दुधाचं हे चीज, त्यांच्या गोठ्यांत कित्येक वर्षं पंजाबी माणसं राबतायत. रेज्जो जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारात २००० साली मोठा गुरुद्वारा झाला तो त्यांचाच. ‘खास इटालियन’ म्हणून जग जे खातं त्यात हा हात कुणी मोजत नाही.

माझी शेजारीण मांतोव्हाकडची आहे, पिकल्या केसांची. रविवारी तिच्याकडे मांस भरलेल्या आन्योलिनींचं सूप होतं. पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा तिने गरम रश्श्याच्या वाटीत चक्क लाम्ब्रुस्को ओतली. वाटी जांभळट, कडेला फेस. “बाई, तोंड वाकडं करू नका, आधी प्या,” ती म्हणाली. तिकडे याला ‘बेव्हर इन व्हिन’ म्हणतात आणि हिवाळ्यात जेवणाच्या सुरुवातीला घेतात. मांसाच्या रश्श्यावर आंबटपणा आला की काय होतं ते कोकमाच्या घरच्या माणसाला समजवावं लागू नये. रश्श्यावरचा तेलाचा तवंग त्या घोटात जाणवतच नाही.

हे का जमतं? चरबी जिभेवर थर धरते. आम्लाने लाळ सुटते आणि थर हलतो. कर्बवायूचं काम तर दुहेरी: जिभेवरचं एक एन्झाइम त्याचं आम्ल करतं, म्हणून बुडबुडा टोचतो तसाच आंबटही लागतो. मिठाने वाइनचा आंबटपणा सौम्य वाटतो आणि फळाची चव वर येते, म्हणून चिवडा-शेंगदाण्यांसोबतही फेसाळ वाइन बरी लागते. तिखटाचं मात्र उलट आहे. मिरचीचा दाह अल्कोहोलने वाढतो आणि बुडबुडा त्यावर आणखी टोचतो. आमच्या घरी इथे ठेचा होतो तेव्हा मी कोरडी बाटली उघडत नाही. कोथिंबीर वडी आणि सोर्बारा हे माझं ठरलेलं आहे. वडीतलं बेसन आणि तेल दोन्ही तिला आवडतं. तांबड्या रश्श्याला हवीच असेल तर आमाबिले घ्या, गोडीने दाह उतरतो. तरी त्या दिवशी ताकच बरं, असं माझं मत.

आमच्या जिल्ह्याला लागूनच या गोष्टीचा एक धागा आहे. सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या अकलूजकडे, मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी काढली. वाइन करायला तोस्कानाचे पिएरो माझी आले. तिथे फेसाळ वाइनही होते. सोलापूरच्या उन्हात द्राक्षातलं आम्ल झपाट्याने उतरतं, म्हणून तिथे साखरेची वाट बघत बसणं म्हणजे फेसाळ वाइन हातची घालवणं. हे भावाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत होता. “मंग कच्चंच तोडायचं?” “कच्चं नव्हे रे, आंबट.” “एकच की.”

राहिली गोड बाजू. आपल्याकडे, आणि खरं तर इथेही, वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट उघडायची पद्धत पडली आहे. हे मला बघवत नाही. क्रीमची साखर तोंडात असताना कोरडी वाइन घेतली की ती लिंबूपाणी वाटते, तेही साखर घालायला विसरलेलं. गोडाबरोबर वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी. त्यासाठी पिएमोन्तेची मोस्कातो आहे. आस्ती आणि मोस्कातो दास्ती, दोन्ही मोस्कातो ब्यांको या एकाच द्राक्षाच्या. इथे दुसरं आंबवण नाही: रस बंद टाकीत एकदाच आंबवायचा आणि साखर बरीच शिल्लक असताना थंड करून, गाळून यीस्ट काढून टाकायचं. मोस्कातो दास्तीत अल्कोहोल अवघं साडेचार ते साडेसहा टक्के आणि बुडबुडा मंद. आस्ती थोडी जोरकस. वास थेट द्राक्षाचा, पीचचा, संत्र्याच्या फुलाचा. वाइनला द्राक्षाचाच वास येणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. पिएमोन्तेत ती हेझलनटच्या कोरड्या केकबरोबर घेतात आणि नाताळात पानेत्तोने या गोड पावाबरोबर.

घेताना मोस्कातो दास्तीच्या लेबलवर हंगामाचं साल बघावं. मोस्कातोचा सुगंध वर्षाच्या आत सर्वांत चांगला असतो. आयात शुल्कामुळे मुंबईत ती महाग पडते आणि दुकानदार जुना माल फळीवर तसाच ठेवतात. दोन-तीन वर्षांपूर्वीचं साल दिसलं तर सवलत कितीही असो, बाटली परत ठेवावी.